रंगावरून दगड ओळखता येतो?

चोर बाजारात जुन्या हत्यारांच्या ढिगात वस्तऱ्याला धार लावायचे दगड मिळतात आणि सोबत एक ठरलेलं वाक्यही: 'पिवळा म्हणजे बेल्जियमचा, काळा म्हणजे अर्कान्साचा.' हे खरं नाही. अर्कान्सा या अमेरिकेतल्या राज्यातला दगड पांढरा, राखाडी, काळा, कसाही असतो. शिवाय तेल मुरलं की कुठलाही दगड काळपटच दिसतो.

आधी रॉकेलने आणि साबणाने दगड स्वच्छ करा. मग घनता काढा. कोरड्या दगडाचं वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्याने पूर्ण बुडेल असा लटकवा, तळाला टेकू न देता. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. अर्कान्साचा दगड जवळपास निव्वळ सिलिका, म्हणजे गारगोटीचाच पदार्थ, म्हणून उत्तर २.६५ च्या वर जात नाही. बेल्जियमच्या पिवळ्या दगडात गार्नेट या जड खनिजाचे बारीक स्फटिक असतात, त्यामुळे तो भारी भरतो. व्हिनेगरच्या थेंबाने फेस आला तर त्यात चुना आहे. संगमरवराचा तुकडा असू शकतो.

एवढ्यानेही खाणीचं नाव कळत नाही, आणि विकणाऱ्याला तर नाहीच. वस्तरा घासून धार भिंगाखाली पाहा: ओरखडे बारीक, एकसारखे असले तर दगड कामाचा, नाव काहीही असो.