बसून झोपणारं मूल

मध्यरात्री मूल अंथरुणात उठून बसतं, मांडी घालतं आणि पुढे वाकून कपाळ गादीला टेकवून तसंच झोपून जातं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या अनेक आईबाबांनी हे पाहिलेलं असतं. सांधे सैल असल्यामुळे त्याला असं वळता येतं, म्हणून घरात त्याचं कौतुकही होतं. पण डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. उताणं झोपल्यावर जीभ आणि टाळूचा मऊ भाग घशात मागे सरकतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. असं विचित्र झोपणं, मान मागे ताणून झोपणं, घोरणं, झोपेत घामाघूम होणं, श्वास मध्येच थांबून दचकल्यासारखा परत सुरू होणं, या सगळ्या झोपेत श्वास अडत असल्याच्या संभाव्य खुणा आहेत.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. एरवी तो शंभरातल्या एक ते पाच मुलांना होतो. डाउन सिंड्रोममध्ये मात्र निम्म्याहून अधिक मुलांना होतो. या मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे १९५९ साली कळलं. त्या जादा प्रतीचा परिणाम चेहऱ्याच्या घडणीवरही होतो. चेहऱ्याचा मधला भाग लहान राहतो, वरचा जबडा अरुंद असतो. ‘जीभ मोठी आहे’ असं सर्रास म्हटलं जातं, पण बहुतेकदा जीभ नेहमीएवढीच असते, तिला मिळालेली खोली लहान असते. त्यात स्नायू मुळातच सैल, झोपेत आणखी सैल पडणारे. अशा जागेत टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी थोड्या जरी सुजल्या तरी वाट बंद व्हायला वेळ लागत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते यानंतरचं. रात्रभर अर्धवट झोपलेलं मूल दिवसा चिडचिड करतं, हट्ट करतं, शिकवलेलं विसरतं. ‘डाउन आहे ना, चालायचंच’ असं म्हणून विषय संपवला जातो. नातेवाईक तसं म्हणतात, शिक्षक म्हणतात, कधी डॉक्टरही म्हणतात. जे उपचारांनी सुधारू शकतं, ते जन्मजात म्हणून सोडून दिलं जातं. शिवाय ‘आमचा तर शांत झोपतो’ हे आईबाबांचं निरीक्षणही बऱ्याचदा चुकतं. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे, की डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची चौथ्या वाढदिवसापर्यंत एकदा स्लीप स्टडी व्हावी, लक्षणं दिसोत वा न दिसोत. या तपासणीत मूल रात्रभर तारा लावून झोपतं आणि श्वास तासाला किती वेळा अडतो, ऑक्सिजन किती खाली जातो, हे मोजलं जातं.

पहिला मोठा उपाय बहुधा टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढण्याचा असतो. शस्त्रक्रिया नेहमीची, पण या मुलांसाठी तयारी वेगळी लागते. जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, त्यामुळे हृदयाचे जुने रिपोर्ट सोबत हवेत. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून भूल देताना आणि शस्त्रक्रियेत मान फार मागे ताणायची किंवा वळवायची नसते. अलीकडे चाल बदलली असेल, मान दुखत किंवा वाकडी राहत असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर ते आधीच सांगा. श्वासनलिका अरुंद असल्यामुळे भुलीत श्वासासाठी घालायची नळी वयाच्या मानाने लहान लागते. भुलीचा वायू हुंगताना हृदयाचे ठोके मंदावणंही या मुलांत नेहमीचं आहे. हे सारं माहीत असलेला, लहान मुलांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ असावा, असा आग्रह धरण्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. कानात पाणी साठत असेल तर ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायची छोटी नळी) बसवणं किंवा थायरॉइडसाठी रक्त घेणं त्याच भुलीत उरकता येतं का, हेही विचारा.

मुलाची तयारी कशी करायची? यातल्या बहुतेक मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त लक्षात राहतं. म्हणून फोटो वापरा: दवाखान्याचं दार, पलंग, मास्क, मग घर. मास्क आधीच मागून घ्या, बाहुलीला लावा, बाबांना लावा, मग त्याला लावू द्या. ‘काही दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका, ‘घसा दुखेल, मी जवळ असेन’ असं सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र भूल देईपर्यंत राहू द्या आणि जागं होताच पुन्हा लावा. शुद्धीवर येताना अंधुक दिसणं आणि काही ऐकू न येणं फार भीतीदायक असतं.

त्या रात्री मुलाला रुग्णालयातच ठेवतात, कधी अतिदक्षता विभागात, कारण सूज आणि भुलीचा अंमल यामुळे श्वास आणखी अडू शकतो. दुखण्याबद्दल एक गैरसमज फार जुना आहे: ‘या मुलांना कमी दुखतं.’ दुखतं तेवढंच, पण ते सांगायला त्यांना वेळ लागतो, आणि सांगण्याची तऱ्हाही वेगळी असते. कुणी गप्प होतं, कुणी कान धरतं, कुणी आवडतं खेळणं ढकलून देतं. तुमच्या मुलाची तऱ्हा नर्सला लिहून द्या. वेदनाशामक औषध रडण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेला द्या. कोडीनसारखी औषधं मात्र या शस्त्रक्रियेनंतर मुलांना देत नाहीत, ती श्वास मंदावू शकतात.

घरी आल्यावर घशात पांढरट थर दिसेल, तोंडाला वास येईल. हे भरत्या जखमेचं लक्षण आहे. घोट घोट पाणी पाजत राहणं महत्त्वाचं. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटताना रक्त येऊ शकतं. ताजं लाल रक्त दिसलं किंवा मूल वारंवार गिळत राहिलं, तर तडक रुग्णालय गाठा.

घोरणं कमी झालं की सुटलो असं वाटतं. पण या मुलांपैकी बऱ्याच जणांत, काही पाहण्यांत तर निम्म्याहून अधिक जणांत, त्रास थोडाफार उरतोच, कारण जबडा आणि स्नायू तेच असतात. काही महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी करावी लागते. अडथळा जिभेच्या मुळाशी असेल तर आणखी एखादी शस्त्रक्रिया लागते. जीभ पुढे खेचणाऱ्या मज्जातंतूला झोपेत हलके संकेत देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०२३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. आणि अनेकांना रात्री सीपॅप लागतं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवणारं यंत्र. शस्त्रक्रियेआधी बाहुलीला लावलेला तो मास्क टाकून देऊ नका. तेव्हा तोच पुन्हा खेळायला काढता येईल.