ठरलेल्या तारखेचा फोन : मेंदूच्या दुखापतीनंतरच्या दूरध्वनी समुपदेशनाची पार्श्वभूमी

फोनवरून मानसिक आधार देण्याची पद्धत जुनी आहे. लंडनमध्ये चाड वराह यांनी १९५३ साली आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी ‘समॅरिटन्स’ सुरू केली. तिथे फोन करायचा तो अडचणीतल्या माणसाने. मेंदूला जबर मार बसलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र नेमके इथेच घोडे अडते. कपाळामागचा भाग दुखावला की स्वतःहून एखादी गोष्ट सुरू करणे जड जाते, विसरायला होते आणि आपल्यात काही बिघडले आहे याची जाणीवही पुष्कळदा राहत नाही. अशा माणसाला ‘काही लागले तर फोन करा’ असे सांगून घरी पाठवणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे होय.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथलीन बेल आणि सहकाऱ्यांनी ही दिशाच उलटवली. फोन समुपदेशकानेच करायचा, तोही आधी ठरलेल्या दिवशी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत पुनर्वसन विभागातून घरी गेलेले १७१ रुग्ण होते. घरी गेल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात, मग २, ३, ५, ७ आणि ९ महिन्यांनी असे सात फोन. सुरुवातीचे फोन जवळजवळ होते, कारण घरच्या अडचणी घरी गेल्यावरच कळतात. बोलण्यात माहिती, समुपदेशन आणि योग्य सेवेपर्यंत पोहोचवणे हे सारे होते. त्यातली प्रेरणादायी मुलाखतीची पद्धत, म्हणजे उपदेश न करता माणसाकडूनच बदलाची कारणे वदवून घेणे, मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावरील उपचारांसाठी मांडली होती. वर्षाअखेरीस फोन मिळालेल्या गटाची स्थिती नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटापेक्षा चांगली होती.

हाच प्रयोग पुढे अनेक केंद्रांत ४३३ रुग्णांवर झाला. फोन २१ महिन्यांपर्यंत चालले, पण २०११ साली आलेल्या निष्कर्षांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्याने पहिल्या निकालाइतकाच हा निकालही मनावर घ्यायला हवा. तीव्र दुखापतीत प्रत्येकाची अडचण निराळी असते : एकाचा राग आवरत नाही, दुसऱ्याला झोप नाही, तिसऱ्याला काम मिळत नाही. सगळ्यांना एकाच मोजपट्टीने मोजले की एखाद्याला झालेला फायदा सरासरीत बुडून जाऊ शकतो. शिवाय ‘सगळे ठीक आहे’ या उत्तरावर फोन संपू शकतो. पलीकडचा चेहरा दिसत नाही, म्हणून घरच्यांशीही बोलावे लागते आणि ‘कसे आहात’ऐवजी ‘काल रात्री किती वाजता झोपलात’ असे विचारावे लागते. काय ठरले ते रुग्णाकडून लगेच लिहून घेतलेले बरे; पुढच्या फोनपर्यंत ते त्याच्या लक्षात राहीलच असे नाही.

सौम्य दुखापतीत, म्हणजे शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर १५ पैकी १३ ते १५ गुण असताना, चित्र अधिक स्पष्ट होते. २००८ च्या चाचणीत ३६६ जण होते आणि पहिल्या तीन महिन्यांत चार ते पाच फोन झाले. सहा महिन्यांनी डोकेदुखी, चक्कर, झोप, विसराळूपणा अशा तक्रारींचा त्रास फोन मिळालेल्यांना कमी होता. सर्वसाधारण आरोग्यात मात्र फरक नव्हता. इथे मेंदू बहुधा आपला आपण सावरतो. घात करते ती भीती : डोके दुखले की माणूस धास्तावतो, त्यामुळे झोप उडते आणि झोप उडाली की डोके आणखी दुखते. वेळेवर मिळालेली नेमकी माहिती ही साखळी तोडू शकते.

नंतर अशा फोनमध्ये भर अडचणी सोडवण्याच्या प्रशिक्षणावर आला. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ डिझुरिला आणि गोल्डफ्राइड यांनी १९७१ मध्ये मांडली होती : अडचण नेमकी सांगा, सुचतील तेवढे उपाय काढा, एक निवडा, करून पाहा, जमले का ते तपासा. सौम्य दुखापत झालेल्या, रणभूमीवरून परतलेल्या सैनिकांच्या २०१७ सालच्या चाचणीत सहा महिन्यांनी मानसिक ताण आणि झोप सुधारली, पण वर्षभराने तो फरक टिकला नाही; तोवर फोन थांबले होते. २०१६ साली याच पद्धतीचे फोन रुग्णांची काळजी घेणाऱ्या १५३ जणांच्या चाचणीत वापरले गेले, जास्तीत जास्त दहा. कोणत्या अडचणीवर बोलायचे हे त्यांनीच ठरवायचे होते. सहा महिन्यांनी फोन मिळालेल्यांची स्थिती अधिक चांगली होती.