अंगभर लाली, सालपटं आणि स्टिरॉइडच्या गोळीचा जुना वाद

एरिथ्रोडर्मा, म्हणजे अंगावरची ९० टक्के किंवा त्याहून जास्त कातडी लाल, गरम होऊन तिची सालपटं निघणं. हा स्वतः आजार नाही, दुसऱ्या कुठल्यातरी आजाराने गाठलेली अवस्था आहे, हे आज कुठलाही स्किनचा डॉक्टर सांगेल. पण एवढं कळायला बरीच वर्षं गेली. व्हिएन्नातल्या एका डॉक्टरांनी १८६८ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हापासून पुढची कित्येक दशकं याला स्वतंत्र रोग धरून त्याचे प्रकार पाडत बसले होते: एक हळूहळू खंगवत नेणारा, एक बरा होऊन पुन्हा उलटणारा, आणि १८९१ च्या सुमाराला लंडनच्या हॉस्पिटल्समध्ये साथीसारखा पसरलेला, आपोआप ओसरणारा. आजार कसा चाललाय यावरून ही नावं दिलेली, तो कशामुळे झाला हा प्रश्न त्यात नव्हताच.

कारणं एकेक करून सापडली. १९१० नंतर सिफिलिसला आर्सेनिकची इंजेक्शनं सुरू झाली, पुढे टीबी आणि सांधेदुखीला सोन्याचे क्षार देऊ लागले, आणि अशा काही पेशंटची अंगभर सालं निघायला लागली, तेव्हा औषधही कारण असू शकतं हे नीट दिसलं. आज तीच जागा फिटच्या गोळ्यांनी, युरिक ॲसिडच्या ॲलोप्युरिनॉलने आणि सल्फाच्या औषधांनी घेतली आहे. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये अशाच लाल पडलेल्या पेशंटच्या रक्तात विचित्र मोठ्या पेशी दिसल्या, म्हणजे कातडीचा लिम्फोमाही (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) या रूपात येतो हे कळलं. सोरायसिस आणि एक्झिमा तर नेहमीचेच. आणि सगळ्या तपासण्या करूनही ज्यांचं कारण सापडत नाही असे पेशंट आजही थोडेथोडके नाहीत.

आता खरा वाद: अशा पेशंटला स्टिरॉइडची गोळी द्यावी की नाही. १९४९ मध्ये कॉर्टिसोन या स्टिरॉइडने जखडलेले सांधे मोकळे होतात हे जगापुढे आलं आणि दोन-तीन वर्षांत ते कातडीच्या आजारांवरही वापरायला लागले. त्याआधी अशा पेशंटला तेल-मलम लावून पडून ठेवणं याच्या पलीकडे फारसं काही हातात नव्हतं, माणसं इन्फेक्शनने जात होती, त्यामुळे गोळीने चार दिवसांत लाली उतरते हे बघितल्यावर डॉक्टरांना हायसं वाटलं असणार, त्यांना दोष देता येत नाही. पण सोरायसिसवाल्यांचा डोस कमी केला की आजार दुप्पट जोराने उसळायचा, काहींच्या अंगभर पू भरलेले बारीक फोड यायचे. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या शंभरावर पेशंटची पाहणी छापून आली, त्यात या फोडांच्या प्रकारामागे स्टिरॉइड हे एक ठळक कारण म्हणून पुढे आलं, आणि तेव्हापासून ‘सोरायसिसला स्टिरॉइडची गोळी नको’ हे पाठ्यपुस्तकात बसलं.

दुसरी बाजूही आहे. औषधाच्या रिॲक्शनमधून लिव्हर-किडनीपर्यंत गेलेला एरिथ्रोडर्मा असेल तर स्टिरॉइड द्यावंच लागतं, आणि अलीकडे हॉस्पिटलच्या रेकॉर्डवरून झालेल्या पाहण्यांत सोरायसिसमध्येही असा भडका उठण्याचं प्रमाण समजत होते त्यापेक्षा बरंच कमी निघालं. तरी मला हा दिलासा अपुरा वाटतो. साध्या चट्ट्यांच्या पेशंटचा हिशोब अख्खं अंग पेटलेल्या माणसाला कसा लावायचा? शिवाय कारण कळायच्या आधीच गोळी सुरू केली की बायोप्सीतल्या, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासतात त्यातल्या, खुणा पुसट होतात, लिम्फोमा असेल तर तो काही काळ शांत बसतो, आणि निदान महिनोन् महिने लांबतं. हे नुकसान भडक्याच्या आकडेवारीत कुठेच धरलेलं नसतं, आणि मला तेच सगळ्यात गंभीर वाटतं.

या भांडणात १९६०च्या दशकातलं एक मोठं काम मागे पडलं. तेव्हा दाखवून दिलं होतं की कातडीतला रक्तपुरवठा इतका वाढतो की हृदयावर ताण येतो, शरीराची ऊब निघून जाते, पाणी उडून जातं, सालपटांबरोबर रोज प्रोटीन बाहेर पडतं, म्हणजे हार्ट किंवा किडनी फेल होते तशी कातडीच फेल होते. उपचारांचा पाया तिथे आहे: ॲडमिट करणं, खोली उबदार ठेवणं, दिवसातून अनेकदा साधं चिकट मलम, ओले कपडे गुंडाळणं, सलाईनचा आणि लघवीचा हिशोब, प्रोटीनचा आहार, इन्फेक्शनवर नजर, आणि संशय असलेलं प्रत्येक औषध बंद. यातलं काहीही कारण कळायची वाट बघत थांबत नाही.

ओळखण्याच्या बाबतीतही जुनी पुस्तकं गोऱ्या कातडीवरच लिहिलेली. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, करडी, जांभळट किंवा नुसती काळसर दिसते, म्हणून हात लावून गरमपणा, सूज, खपल्या, थंडी वाजणं हे बघायला हवं. नखांवरचे खड्डे सोरायसिसकडे बोट दाखवतात. तळहात जाड आणि नारिंगी, मध्येमध्ये स्वच्छ कातडीची बेटं, असं असेल तर पिटिरायसिस रुब्रा पिलॅरिस या कातडीच्या दुर्मिळ आजाराचा विचार येतो. आणि पहिल्या बायोप्सीत काही निघालं नाही म्हणून विषय संपत नाही, ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आल्यावर सोरायसिसमध्ये लवकर आराम देणारा दुसरा रस्ता मिळाला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये जास्त गंभीर पेशंटसाठी सायक्लोस्पोरिन आणि इन्फ्लिक्सिमॅब ही दोन पुढे ठेवली, मेथोट्रेक्सेट आणि ॲसिट्रेटिन सावकाश काम करणारी म्हणून जिथे थोडी सवड आहे तिथे. त्यानंतर इंटरल्युकिन (शरीरात दाह वाढवणारी प्रोटीनं) अडवणारी इंजेक्शनं आली आणि स्टिरॉइडच्या गोळीशिवाय पर्याय नाही हे म्हणणं सोरायसिसपुरतं तरी जवळपास गळून पडलं.

एक्झिमासाठी २०१७ मध्ये डुपिलुमॅब हे इंजेक्शन आलं, खूप जणांची खाज त्याने थांबली. पण ज्यांना एक्झिमा समजून ते दिलं अशा काही मोठ्या वयाच्या पेशंटमध्ये नंतर कातडीचा लिम्फोमा निघाल्याच्या नोंदी छापून यायला लागल्या. म्हणून आता उतारवयात पहिल्यांदाच अंगभर एक्झिमा झालेला दिसला तर इंजेक्शनच्या आधी बायोप्सी आणि रक्तातल्या पेशींची तपासणी करा असा आग्रह बरेच डॉक्टर धरतात.