नोकरी कोर्सने दिली की सिझनने?

समजा, पेडण्यात जूनमध्ये हॉटेल सेवेचा तीन महिन्यांचा सरकारी कोर्स सुरू झाला. तीस मुलं बसली. डिसेंबरात त्यांतली वीस कामाला लागलेली. अहवालात 'प्लेसमेंट ६७ टक्के' असं छापून येणार आणि पुढच्या वर्षीचा निधी त्याच आकड्यावर मागितला जाणार. पण डिसेंबरात, पर्यटनाच्या सिझनमध्ये, गोव्यात वेटरला काम मिळतंच की! कोर्स केला नसता तरी यांतल्या किती जणांना ते मिळालं असतं, हे अहवालात कुठेच नसतं.

या गफलतीच्या एका रूपाला अर्थशास्त्रात नाव आहे. १९७८ साली ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी अमेरिकेत सरकारी प्रशिक्षण घेतलेल्यांची अनेक वर्षांची कमाई तपासली. प्रशिक्षणाच्या तोंडावर ती नेमकी घसरलेली दिसली. साहजिकच आहे, हातात बरं काम असलेला माणूस कोर्सला कशाला येईल? अशी घसरण पुष्कळदा आपसूक भरून निघते आणि श्रेय मात्र कोर्सला जातं. प्रशिक्षणाआधीची ही घसरण म्हणजेच 'ॲशेनफेल्टर डिप'. उलटही होतं. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी पुन्हा बंद पडल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात एखादा उत्तम कोर्स चालला असता, तरी आधीच्या आणि नंतरच्या कमाईची नुसती तुलना करून तो फुकटच ठरला असता.

यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. जागा तीस आणि पात्र अर्ज साठ असतील, तर सोडत काढायची. नाव आलेले आणि न आलेले, दोन्ही गट सरासरीने सारखे. मग पुढे पडणारा फरक प्रशिक्षणाचा. शिवाय वशिल्याची कुजबुजही थांबते (आपल्याकडे हा फायदा काही लहान नाही). कोलंबियात २००५ मध्ये १८ ते २५ वयाच्या गरीब तरुणांसाठी हेच केलं गेलं: तीन महिने वर्गात, तीन महिने प्रत्यक्ष कामावर. मुलींची कमाई जवळपास २० टक्क्यांनी वाढली, मुलांच्या कमाईत तसा ठोस फरक दिसला नाही.

मोजायचं कधी, हाही प्रश्नच. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र ताडून पाहिले. पहिल्या वर्षात अशा योजनांचा परिणाम सरासरीने शून्याजवळ होता; दोन-तीन वर्षांनी तो दिसू लागला, विशेषतः कौशल्य शिकवणाऱ्या योजनांत. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये उभं राहिलं की याचं नवल वाटत नाही. फिटरचा नवा विद्यार्थी लोखंडाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरून दिवसचे दिवस कानस मारत असतो. मग त्यावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) ठेवून तुकडा उजेडाकडे धरतो. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. हा ट्रेड दोन वर्षांचा आहे, आणि तो उगाच नाही. म्हणूनच नव्वद दिवसांत नोकरी लागली का, एवढंच विचारणारी मोजणी मला घाईची वाटते. पीएफच्या नोंदीवरून दोन वर्षांनंतरही माग काढता येतो. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये काम करणाऱ्या मुलाचा पीएफ बहुधा नसतो. त्याला फोनच करावा लागेल, आणि तोही सिझन नसताना, ऑगस्टमध्ये.

सोडतीतूनही एक गोष्ट निसटते. फ्रान्समध्ये अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २३५ भागांत, नोकरी शोधणाऱ्या सुशिक्षित तरुणांना मदत देऊन पाहिली. कुठे कोणालाच नाही, कुठे निम्म्यांना, कुठे सर्वांना. मदत मिळालेल्यांना नोकऱ्या लागल्या, पण काही अंशी शेजारच्या मदत न मिळालेल्यांच्या वाट्याच्या. मंदी असलेल्या भागात हे अधिक घडलं. गोव्यासारख्या छोट्या बाजारात जागा तेवढ्याच राहिल्या, तर सरकारी पैशाने रांगेतला क्रम तेवढा बदलेल.

त्यामानाने शिकाऊ उमेदवारी मला बरी वाटते, कारण तिथे मालकाचाही पैसा गुंततो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. पण एखादा कारखाना दरवर्षी नवी पोरं घेऊन जुन्यांना घरी पाठवत असेल, तर सरकार त्याच्या मजुरीचं बिल भरतंय. हे तपासायला मोठा अभ्यास नको. तीन वर्षांपूर्वीच्या शिकाऊंची यादी काढा आणि किती जण आज तिथे किंवा दुसरीकडे त्याच ट्रेडमध्ये पगारावर आहेत ते विचारा. सरकारी पैशाचा पुढचा हप्ता त्यानंतर.