जेसन मानकातून वगळलेली एन्कोडिंग

जेसन हे संगणकप्रणालींमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी सर्रास वापरले जाणारे मजकूररूप डेटा-स्वरूप आहे. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी ८२५९ या मानकाने यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-३२ या एन्कोडिंगची (चिन्हे बाइटांच्या रूपात मांडण्याच्या पद्धतींची) मुभा काढून घेतली आणि एकाच बंदिस्त व्यवस्थेचा भाग नसलेल्या प्रणालींनी परस्परांना पाठवायचा जेसन मजकूर यूटीएफ-८ मध्येच असला पाहिजे, असे बंधन घातले.

जेसनचे प्रवर्तक डग्लस क्रॉकफर्ड यांनी लिहिलेल्या २००६ च्या आरएफसी ४६२७ या आधीच्या मानकात मजकूर युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत) असावा एवढीच सक्ती होती. तो नेमका कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे हे सांगणारी खूण सोबत पाठवण्याची सोय नव्हती. वाचणाऱ्या प्रोग्रामने पहिल्या चार बाइटांत शून्ये कुठे पडली आहेत, यावरून ते ओळखायचे होते. ही युक्ती त्या वेळी अचूक होती, कारण मजकूर ऑब्जेक्ट किंवा अ‍ॅरे, म्हणजे कंसाने सुरू होणारी रचनाच, असावा लागे आणि म्हणून त्याची पहिली दोन चिन्हे नेहमी आस्कीतलीच (मूळ रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हांच्या संचातलीच) असत; अशा चिन्हांच्या यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-३२ रूपांत शून्य बाइट ठरावीक जागी येतात. मार्च २०१४ च्या आरएफसी ७१५९ ने नुसती संख्या किंवा नुसती स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतील मजकूर) हाही पूर्ण जेसन मजकूर मानला आणि या युक्तीचा पायाच डळमळला. अवतरणचिन्हानंतर लगेच ‘म’ आला, तर यूटीएफ-१६ मधील दुसऱ्या चिन्हाच्या दोन्ही बाइटांत शून्य नसते, त्यामुळे शून्यांच्या ठरलेल्या नमुन्यांपैकी एकही जुळत नाही. आणि मजकूर केवळ ‘7’ असेल, तर यूटीएफ-१६ मध्ये तपासायला चार बाइटच नसतात.

व्यवहारात बहुतेक सर्व सॉफ्टवेअर आधीपासून यूटीएफ-८ च वापरत होते, म्हणून मानकाने प्रत्यक्ष वहिवाटीलाच नियमाचे रूप दिले. यावरचा एक आक्षेप मात्र रास्त आहे : देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-१६ मध्ये दोन बाइट घेते, यूटीएफ-८ मध्ये तीन. तरीही कंस, अवतरणचिन्हे, स्वल्पविराम, अंक आणि बहुधा रोमन लिपीत असणारी की-नावे (माहितीच्या घटकांची नावे) यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला एकच बाइट घेतात, त्यामुळे ही तूट बरीचशी भरून निघते. पाठवलेला मजकूर समोरच्याला हमखास वाचता येणे, हे उरलेल्या थोड्या बाइटांच्या बचतीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

बंदिस्त व्यवस्थेत अन्य एन्कोडिंग वापरण्यास आजही मनाई नाही. पायथनच्या प्रमाणित जेसन मॉड्यूलसारखी काही साधने बाइटरूप मजकूर वाचताना तिन्ही एन्कोडिंग अजूनही ओळखतात. एक्मा-४०४ हे समांतर मानक तर जेसन मजकुराला युनिकोड कोड-पॉइंटांची (चिन्हांच्या क्रमांकांची) मालिका मानते आणि एन्कोडिंगचा प्रश्न इतरांवर सोडते.

यूटीएफ-१६ चा एक अवशेष खुद्द जेसनच्या व्याकरणात टिकून आहे. युनिकोडच्या मूळ बहुभाषी प्रतलाबाहेरचे (पहिल्या ६५,५३६ क्रमांकांपलीकडचे) चिन्ह, उदाहरणार्थ एखादे इमोजी, एस्केप पद्धतीने, म्हणजे चिन्हाऐवजी त्याचा कोड देऊन, लिहायचे झाल्यास ते यूटीएफ-१६ च्या सरोगेट जोडीनेच (मिळून एक चिन्ह दर्शवणाऱ्या दोन राखीव कोडांनी) लिहावे लागते. अशा जोडीचा अर्धाच भाग मजकुरात आला, तरी व्याकरणाच्या दृष्टीने तो वैध ठरतो, पण यूटीएफ-८ मध्ये त्याला वैध रूपच नसते; म्हणून वेगवेगळे प्रोग्राम त्याच्याशी वेगवेगळे वागतात, आणि हा दोष २०१७ च्या मानकानेही दूर झालेला नाही.