टाकीत मासे किती? आधी खाण्याचा हिशेब मांडा

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि छत्तीस उंच ही घरगुती फिशटँकची नेहमीची मापं. टाकी भरली, दिवा लागला की पहिला प्रश्न येतो तो, ‘यात मासे किती मावतील?’ खरं तर मावायला शंभरसुद्धा मावतात. जगतील किती हे मात्र दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. रोज टाकलेल्या खाण्यातून जी घाण तयार होते, ती हे पाणी, हा फिल्टर आणि दर आठवड्याला पाणी बदलणारा माणूस मिळून निस्तरू शकतात का? जेवढं खाणं निस्तरता येतं, तेवढ्यावर पोसले जाणारे मासे हीच त्या टाकीची खरी संख्या.

आधी पाणी किती आहे ते पाहू. ६० × ३० × ३६ म्हणजे ६४,८०० घन सेंटिमीटर, अर्थात जवळपास ६५ लिटर. पण एवढं पाणी टाकीत कधीच नसतं. वरची तीन सेंटिमीटर मोकळी सोडलेली असते, तळाशी चार सेंटिमीटर खडी असते. ते वजा करून खडीच्या फटींतलं पाणी धरलं की ५५ लिटर उरतं. मोठे दगड किंवा लाकूड ठेवलं तर आणखी कमी. पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून आकडा लिहून ठेवला तर पुढे औषधाची मात्रा काढतानाही तोच उपयोगी पडतो.

आता तो जुना नियम, ‘एका गॅलनला एक इंच मासा’. आपल्या मापांत सांगायचं तर दर दीड लिटरला एक सेंटिमीटर. ५५ लिटरला सुमारे ३६ सेंटिमीटर मासा, म्हणजे ३ सेंटिमीटरचे बारा. इथपर्यंत ठीक. पण याच नियमाने ३६ सेंटिमीटरचा एकच मासाही चालायला हवा, आणि तो तर तीस सेंटिमीटर रुंदीच्या टाकीत नीट वळूही शकणार नाही. घोटाळा कुठे आहे? मासा लांबीबरोबर रुंदीने आणि जाडीनेही वाढतो. लांबी बारापट झाली की वजन १२ × १२ × १२, म्हणजे १,७२८ पट होतं. तीन सेंटिमीटरचा मासा साधारण ०.४ ग्रॅमचा असतो. असे बारा मिळून पाच ग्रॅमही भरत नाहीत, आणि छत्तीस सेंटिमीटरचा एकटा ७०० ग्रॅमच्या आसपास जातो. मोठं जनावर वजनाच्या मानाने कमी खातं हे लक्षात घेतलं, तरी त्या एकट्याचा पाण्यावरचा भार बारा लहानग्यांच्या वीसेक पट पडतो. म्हणून हा नियम ५ सेंटिमीटरपर्यंतच्या, सडपातळ माशांपुरताच वापरावा. तोही पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी धरून आणि शेपटी सोडून.

खाण्याचा हिशेब याहून भरवशाचा आहे. एक टाकी डोळ्यांसमोर आणू. ५५ लिटर पाणी, बारा निऑन टेट्रा आणि तळाशी वावरणारे सहा कोरीडोरस. सगळ्यांचं मिळून वजन वीस ग्रॅमच्या घरात. रोजचं खाणं वजनाच्या दोन-अडीच टक्के धरलं तर अर्धा ग्रॅम. घरच्या वजनकाट्यावर अर्धा ग्रॅम दिसत नाही, त्यामुळे दहा ग्रॅम खाणं मोजून वेगळ्या डबीत काढायचं आणि ती डबी किती दिवसांत संपते ते बघायचं. वीस दिवस पुरली तर रोज अर्धा ग्रॅम पडतंय. दहा दिवसांतच तळ दिसला तर मासे तेवढेच असूनही टाकीवरचा भार दुप्पट आहे. बऱ्याच टाक्यांत माशांची गर्दी नसते, खाण्याची असते.

त्या अर्ध्या ग्रॅमचं पुढे काय होतं? माशांच्या खाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे एका ग्रॅम खाण्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. काही भाग माशाच्या अंगी लागतो, काही विष्ठेतून जातो, आणि अर्ध्याहून थोडा जास्त, सुमारे ३७ मिलिग्रॅम, अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. त्यातला बहुतेक थेट कल्ल्यांतून बाहेर पडतो. म्हणून पाणी काचेसारखं नितळ दिसत असतानाही विषारी असू शकतं. अर्ध्या ग्रॅमला १८ मिलिग्रॅम, म्हणजे ५५ लिटर पाण्यात दर लिटरला रोज ०.३३ मिलिग्रॅम. फिल्टर तयार नसेल तर आठवड्यात हा आकडा २ च्या पुढे जातो. माशांचे कल्ले जळायला तेवढं पुरे.

हा अमोनिया किती घातक ठरेल ते पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, बाकीचा बराच निरुपद्रवी अमोनियम. सामू ८ झाला की विषारी वाटा पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे दहापट. टेस्ट किटवर दोन टाक्यांचा अमोनिया अगदी सारखा आला तरी एकीतले मासे निवांत आणि दुसरीतले तडफडत असू शकतात, ते यामुळे. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीचा सामू घसरलेला असतो. तिच्यात एकदम ८० टक्के ताजं पाणी ओतलं की सामू वर उसळतो आणि निपचित पडलेला अमोनियम विषारी होतो. दोष ताज्या पाण्याला दिला जातो, पण चूक आधीच्या महिन्यांची असते.

फिल्टरचं खरं काम गाळणं नव्हे. स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू आधी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही वाईटच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साठत जातं. आपल्या टाकीत रोजच्या अर्ध्या ग्रॅम खाण्यातून सुमारे ८२ मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं. दर लिटरला रोज दीड मिलिग्रॅम, आठवड्याला दहा. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदललं तर बदलण्याआधीचे आकडे असे चढतात: १०, १७, २२, २५, २८… आणि शेवटी ३३ वर ठरतात. ५० टक्के बदललं तर २० वर थांबतात. तेच खाणं एक ग्रॅम केलं की ३३ चे ६६ होतात. नायट्रेट २० च्या आत असावं आणि ४० च्या पुढे कधी जाऊ नये हे सर्वसाधारण पथ्य धरलं, तर अठरा लहान माशांची ही टाकी अर्धं पाणी बदलणाऱ्याकडे आरामात चालेल आणि ३० टक्के बदलणाऱ्याकडे काठावर. टाकी तीच, मासे तेच. माणसाच्या सवयीने संख्या बदलते, आणि ही गोष्ट दुकानातल्या कुठल्याच तक्त्यात लिहिलेली नसते.

जिवंत वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट शोषतात. जोमाने वाढणाऱ्या असतील तर वरचे आकडे चांगलेच खाली येतात. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे असाच प्रयोग मांडला होता. सुमारे बारा गॅलनच्या, म्हणजे जवळपास आपल्याच टाकीएवढ्या पात्रात व्हॅलिस्नेरिया लावली, कुजणारी पानं खायला गोगलगायी सोडल्या, आणि समतोल साधला. पण त्यात मासे होते दोन, तेही लहान गोल्डफिश. ‘झाडं आहेत, पाणी बदलायची गरज नाही’ असं म्हणायचं असेल तर माशांची संख्याही त्याच्याइतकीच ठेवायला हवी.

ऑक्सिजनचा हिशेब मात्र लिटरमध्ये होत नाही, तो पृष्ठभागावर होतो. २५ अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना ७.६. म्हणजे आपल्या सगळ्या टाकीत मिळून अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. तो सतत वरून भरून यावा लागतो. आपल्या टाकीचा पृष्ठभाग ६० × ३०, म्हणजे १,८०० चौरस सेंटिमीटर आहे. तेवढंच पाणी ३० × ३० च्या ७२ सेंटिमीटर उंच टाकीत घेतलं तर पृष्ठभाग निम्मा होतो. शोभेच्या उंच टाक्यांत आणि तोंड आवळलेल्या गोल भांड्यांत मासे पाण्याच्या वर तोंड काढून राहतात त्यामागे हे कारण असतं. एअर पंपचे बुडबुडे स्वतः फारसा ऑक्सिजन देत नाहीत. ते तळाचं पाणी वर आणतात आणि पृष्ठभाग हलता ठेवतात, खरा फायदा तो. उन्हाळ्यात पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे टाकीची सगळ्यात कठीण वेळ पहाटेची. दिवा लावण्याआधी मासे वर येऊन धापा टाकताना दिसले तर टाकी भरलेली आहे, दुपारी कितीही छान दिसो.

पाण्याचं गणित जुळलं तरी मासा कोणता हा प्रश्न उरतोच. दुकानात सगळेच चार-पाच सेंटिमीटरचे असतात, कारण ती पिल्लं असतात. ऑस्कर तीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. ‘काच साफ करतो’ म्हणून घेतलेला साधा प्लेको चाळीसच्या पुढे. शार्क म्हणून विकला जाणारा पंगस नदीत एक मीटरहून मोठा होतो. गोल्डफिशच्या फुगीर जातीसुद्धा पंधरा-वीस सेंटिमीटरच्या होतात आणि भरपूर घाण करतात, म्हणून ५५ लिटरच्या टाकीत गोल्डफिश नकोच. ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ हे ऐकायला बरं वाटतं, पण जे घडतं ते वेगळं असतं. साठलेल्या घाणीत आणि कोंडवाड्यात त्याची वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकतो, आणि दहा-वीस वर्षं जगू शकणारा मासा दोन वर्षांत जातो.

काही माशांना कमी संख्याच बाधते. टायगर बार्ब दोन-तीनच ठेवले तर ते इतरांचे पर कुरतडतात. आठ-दहा असले की आपापसांत खेळतात. निऑन सहाच्या खाली भेदरून कोपऱ्यात राहतात. फायटरचा नर मात्र एका टाकीत एकच. मलावी सरोवरातले चपळ, भांडखोर सिक्लिड तर मुद्दाम दाट ठेवतात, म्हणजे एकाच माशावर सगळा मार पडत नाही. पण त्यासाठी फिल्टर मोठा लागतो आणि आठवड्याला निम्मं पाणी बदलावं लागतं. गप्पी घ्यायच्या असतील तर फक्त नर घ्यावेत. एक मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्लं देते, शिवाय नराचं बीज महिनोन्‌महिने साठवते. त्यामुळे ‘एकच मादी आहे’ हा हिशेब दोन महिन्यांत मोडतो.

संख्या ठरली म्हणजे ती एका दिवसात भरायची नसते. फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे न घालता अमोनियाचं द्रावण टाकून दर लिटरला २ मिलिग्रॅम करावं. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की फिल्टर तयार. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, चालत्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम कितीतरी लवकर होतं. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळला की पुरे. नळाचं नवं पाणी टाकीत घालण्याआधी त्यात सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, म्हणजे दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन, बाटलीवरच्या मात्रेने घालावं. मग पहिले सहा निऑन, दोन आठवड्यांनी कोरीडोरस, आणखी दोन आठवड्यांनी उरलेले सहा निऑन. दर खेपेला पुढचे चार दिवस अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं. शून्याच्या वर काही दिसलं तर खाणं निम्मं करायचं, पाव टाकी पाणी बदलायचं आणि पुढची खरेदी थांबवायची.

आधीच गर्दी झाली असेल तर जास्तीचे मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत किंवा दुकानात परत करावेत. नदी-तळ्यात सोडू नयेत. असे सोडलेले प्लेको जगभर अनेक ठिकाणी स्थानिक माशांच्या मुळावर उठले आहेत.

सगळे मासे आल्यावर आणखी जागा आहे का, हे टाकीलाच विचारता येतं. दर आठवड्याला पाणी बदलण्याआधी नायट्रेट मोजून तारखेसह लिहायचं. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट एकदा मोजून तेही शेजारी नोंदवायचं, कारण काही पाण्यांत ते मुळातच बरंच असतं. चार आठवड्यांवर निकाल काढू नये, वरच्या उदाहरणात आकडा तेव्हाही चढतच होता. आठ आठवड्यांनंतर तो २० च्या आसपास थांबलेला असेल आणि पहाटे मासे खाली फिरत असतील, तर चार निऑन आणखी चालतील. ३५ च्या पुढे चढत असेल तर टाकी भरली.