धाव-श्रमदान

धाव-श्रमदान : गटाने धावत कामाच्या जागी पोचायचे, तासभर अंगमेहनतीचे सार्वजनिक काम करायचे आणि चालत किंवा सावकाश धावत परतायचे, अशी स्वयंसेवी पद्धत. धावणे आणि समाजकाम यांची अशी सांगड लंडनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या ‘गुडजिम’ने घातली. धावता धावता कचरा वेचण्याचे ‘प्लॉगिंग’ २०१६ च्या सुमारास स्वीडनमधून पसरले. कोकणात एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याची सावड जुनीच आहे. नवे आहे ते धावत येणे. येथील नेहमीची कामे म्हणजे शाळेची परसबाग, व्हाळावरचा (ओढ्यावरचा) कच्चा बंधारा, ढासळलेला गडगा (दगडी कुंपणभिंत) आणि पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, सुटलेल्या पायऱ्या.

काम निवडताना एकच कसोटी पुरते : ते एका बैठकीत पुरे होईल का, किंवा अर्धे राहिले तरी सुरक्षित राहील का? अर्धा गडगा पहिल्याच सरीत बसतो, अर्धा बंधारा वाहून जातो. म्हणून उत्साही गटापेक्षा आवरते घेणारा गट जास्त उपयोगाचा.

जाण्याचे अंतर ३ ते ४ किमी पुरे. कोकणातली हवा दमट, घाम वाळत नाही. ८ किमी धावून आलेला माणूस फावडे धरतो तेव्हा त्याचे तळहात निसटतात आणि कंबर धरते. पोचल्यावर १० मिनिटे चालून मगच हत्यार हाती घ्यावे. पाण्यात मीठ-साखर हवी : १ लिटरला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेले कोकम सरबतही चालते.

वाट पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) असेल तर आधी तिथी पाहावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, हा कोळ्यांचा हिशेब अजून खरा ठरतो. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास. ओली, घट्ट वाळू तेव्हा धावायला मिळते. अष्टमीला सहा वाजताच पाणी वर असते, त्या दिवशी सड्यावरची (वरच्या कातळपठारावरची) वाट घ्यावी. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर कोणीही धावू नये.

हत्यारे धावताना न्यायची नाहीत. ती आदल्या संध्याकाळी रिक्षाने पोचवावीत. २० जणांना ५ फावडी, २ टिकाव, २ पहारी, १ कोयता आणि किमान १२ घमेली लागतात. फावडी कमी आणि घमेली जास्त, कारण निम्मी माणसे साखळीत उभी असतात. हे प्रमाण उलटे झाले की फावडेवाले घमेल्याची वाट पाहत बसतात.

बंधाऱ्याचे काम पाऊस सरल्यावर, व्हाळ अजून वाहता असताना करायचे. घाई केली तर परतीचा पाऊस तो नेतो, उशीर केला तर अडवायला पाणी उरत नाही. ५ मीटर रुंद व्हाळात १ मीटर उंच, दुपदरी बंधाऱ्याला सिमेंटच्या १५० ते २०० रिकाम्या गोण्या लागतात. गोणी पाऊणच भरावी; गच्च भरलेली गोल राहते, शेजारणीला चिकटत नाही आणि फटीतून पाणी जाते. तळातला पातेरा (पालापाचोळा) आणि सुटे दगड काढून टणक तळ लागेपर्यंत खरवडावे. गळती बहुधा भिंतीतून नव्हे, खालून होते. गोण्या विटांसारख्या सांधेमोड करून रचाव्यात, दोन पदरांमध्ये चिकणमाती तुडवून भरावी, दोन्ही टोके काठात हातभर घुसवावीत. मध्ये एक थर कमी ठेवला नाही, तर पाणी काठ कापून बाजूने वाट काढते. भरणे आणि रचणे एकाच सकाळी बसत नाही. एका रविवारी भराव्यात, पुढच्या रविवारी रचाव्यात.

गडगा म्हणजे जांभ्या दगडाची चुन्या-सिमेंटाविना रचलेली भिंत. १.२ मीटर उंचीला पाया ६० ते ७५ सेंमी रुंद, माथा ४० सेंमी. मोठे दगड खाली, दोन्ही अंगांनी रचाई, पोटात कपच्या ठासून. दर मीटरला एक लांब दगड आरपार. पोटात माती भरण्याचा मोह टाळावा : ती पावसात फुगते आणि भिंतीला पोट सुटते. खाजगी हद्दीच्या गडग्याला दोन्ही बाजूंचे मालक हजर असल्याखेरीज हात लावू नये. एक चिरा वीतभर सरकला तरी भावकी तलाठ्याकडे जाते.

याच दगडांखाली फुरसे हा विषारी साप असतो. दगड हाताने उपटू नये. पहारीने पलीकडची कड उचलावी, म्हणजे पोकळी आपल्याकडे उघडत नाही. धावण्याच्या बुटांची जाळी दातांना अडवत नाही, तेव्हा या कामाला जाड बूट वेगळे आणावेत. दंश झाल्यास आवळून बांधणे, कापणे, चोखणे काही करू नये. अवयव न हलवता सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. पायाला जखम असलेल्याने चिखलात उतरू नये, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो.

परसबागेत ३ × १ मीटरचा वाफा सोयीचा. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आत पाय पडत नाही. पावसाळ्यात तो २० सेंमी उंच हवा, नाहीतर मुळे कुजतात. वाफ्याला ४-५ घमेली कुजलेले शेणखत. ताज्या शेणाने हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, वाढते. तांबड्या माठाचे बी चौपट वाळूत मिसळून फेकले तर सारखे पडते. पडवळ-दोडक्याच्या मांडवाचे बांबू २ फूट पुरावेत आणि पुरलेल्या भागाला डांबर लावावे, कारण वाळवी आधी तिथेच लागते. भातकापणीनंतर गुरे मोकाट सुटतात. त्याआधी वई (कुंपण) झाली नसेल तर बाकी सारी मेहनत गुरांच्या पोटात जाते. पहिल्या पावसात गिरिपुष्पाच्या दीड मीटरच्या काठ्या रोवल्या की जिवंत कुंपण होते.

लावणीच्या दिवशी ३० माणसे येतात, मार्चमध्ये शिंपायला दोनही नसतात. जांभी जमीन पाणी धरत नाही, दिवसाआड शिंपणे लागतेच. म्हणून शाळेचा शिपाई, अंगणवाडीची मदतनीस किंवा शेजारच्या घरातली आजी, असा एक कायमचा पालक ठरल्याशिवाय वाफा खणू नये, आणि वाफे त्याला झेपतील तितकेच. वर्षाचा शेवटचा फेरा मे अखेरचा : बंधाऱ्याच्या गोण्या फोडून माती काठावर पसरायची आणि प्लास्टिक मोजून परत आणायचे. रचताना मोजलेला आकडा जुळला नाही, तर उरलेल्या गोण्या जूनमध्ये खाडीत मिळतात.